‘थर्टी थ्री’ की ‘टर्टी ट्री’?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ती लिहिते: ‘‘मी हिशेबाचं काम करते आणि माझी टीम तीन-चार देशांत विखुरलेली आहे. दिवसाचे तीन तास फोनवर जातात. इंग्रजी लिहिता-वाचता उत्तम येतं, बोलायलाही कधी अडचण आली नव्हती. पण ग्लासगोचा सहकारी ‘बेटर’ म्हणतो तेव्हा मधला ट मला ऐकूच येत नाही. लंडनचा मुलगा ‘आय फिंक’ म्हणतो. बॉस्टनच्या बाई ‘कार’मधला र खातात आणि जिथे नाही तिथे र लावतात. डब्लिनची सहकारी ‘थर्टी थ्री’ म्हणते ते मला ‘टर्टी ट्री’ ऐकू येतं. परवा मी तिला आकडा तीनदा विचारला, तर ती दुखावली. मग मी उच्चारांच्या एका वर्गाला नाव घातलं. तिथे पहिल्याच दिवशी सांगितलं, तुमचा थ चुकीचा आहे, जीभ दातांच्या मधे आणा. तीन आठवडे आरशासमोर तेच करतेय. आता मीटिंगमध्ये थ असलेला शब्द आला की अडखळते, कधी शब्दच बदलते. या सगळ्यांत बरोबर उच्चार कोणाचा, आणि मी नेमकं शिकू काय?’’

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘कधी शब्दच बदलते’ याच शब्दांशी थांबले. ज्या बाईला भाषा चांगली येते, जिला आपलं काम चोख माहीत आहे, तिने एका व्यंजनापायी मनातला शब्द गिळावा, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून आधी आरसा बाजूला ठेवा. तुमचे कान तर उत्तम आहेत. ग्लासगोचा ट, लंडनचा फ, बॉस्टनचा र याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते अगदी तसंच बोललं जातं. फक्त डब्लिनच्या बाबतीत तुमच्या कानांची थोडी फसगत झाली असावी.

वर्गात तुम्हाला थ शिकवला तो ‘थिन’, ‘थँक’मधला. त्यात जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेशी हलकं ठेवून फटीतून हवा सोडत राहायची. आपला थ तसा नाही. ‘थांब’ म्हणताना जीभ दातांच्या मागे पक्की टेकते, हवा क्षणभर अडते आणि मग सुटते. म्हणजे आपला थ अडवून सोडलेला आणि वर्गातला घासत गेलेला. फरक खरा आहे. पण घासत जाणारा थ खुद्द इंग्रजांच्या पोरांनाही सगळ्यांत उशिरा जमणाऱ्या आवाजांपैकी आहे, आणि इंग्रजी ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या घरची भाषा आहे अशा कितीतरी लोकांनी तो सोडूनच दिला आहे. लंडनच्या कष्टकरी वस्त्यांत ‘थिंक’चं ‘फिंक’ आणि थ च्याच जोडीचा घासता द असलेल्या ‘ब्रदर’चं ‘ब्रव्हर’ होतं. आता ही सवय इंग्लंडभर आणि ग्लासगोच्या तरुण पोरांतही पसरली आहे. ग्लासगोच्या जुन्या ढंगात ‘थिंक’ हे ‘हिंक’ होतं. बेलफास्टमध्ये ‘मदर’, ‘ब्रदर’मधलं मधलं व्यंजन कित्येकदा गळूनच जातं. न्यूयॉर्कच्या जुन्या बोलीत ‘दीज’, ‘दोज’ यांचा द आपल्यासारखाच अडवलेला असतो. जमैकात ‘थिंग’ हे ‘टिंग’ असतं.

आणि आयर्लंड. इथे मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण तुमची दुखावलेली सहकारी तिथली आहे. काही डब्लिनकरांच्या तोंडी ‘ट्री’ म्हणजे झाड आणि ‘थ्री’ म्हणजे तीन खरंच एकसारखे होतात. पण कितीतरी आयरिश माणसं ते दोन्ही वेगळे ठेवतात, आणि कसे ठेवतात ते पाहा. झाडाचा ट म्हणताना जीभ हिरडीला लागते. तिनाचा थ म्हणताना ती खाली सरकून दातांना लागते, आणि अडते. घासत नाही. दातांशी अडवलेला आवाज म्हणजे आपलंच दंत्य व्यंजन! लंडनच्या किंवा अमेरिकेच्या माणसाला ती जागा ओळखता येत नाही, म्हणून तो आयरिश लोकांना ‘टर्टी ट्री’ म्हणून चिडवत आला. तुमच्या भाषेत मात्र ट आणि थ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. तुम्हाला तो फरक ऐकू यायला हवा होता. आला नाही, कारण तुम्ही वर्गात शिकवलेला घासता थ शोधत होतात आणि तो सापडला नाही की सरसकट ट समजत होतात.

म्हणजे तुमचा मूळचा थ, जो तुम्ही तीन आठवडे मोडून काढताय, तो डब्लिनमध्ये घरचा आवाज आहे.

एक गोष्ट आकड्यांपुरती सांगते, तुमच्या हिशेबाच्या कामात उपयोगी पडेल. विमानांच्या रेडिओवर आकडे कसे बोलायचे याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यात ३ चा ठरवून दिलेला उच्चार ‘ट्री’ आहे आणि हजाराचा ‘टाउझंड’. ९ ला ‘नाइनर’ म्हणतात, म्हणजे तो ५ सारखा ऐकू येऊ नये. शेकडो माणसांचा जीव ज्या आकड्यांवर असतो, तिथे घासणाऱ्या थ विना काम चालतं.

आता ग्लासगोचा हरवलेला ट. तो हरवलेला नाही, घशात गेला आहे. खोकण्याच्या आधी श्वास घशात एक क्षण बंद होतो ना, तसा. ‘बेटर’ म्हणताना जीभ हिरडीपर्यंत जातच नाही; ‘बे’ म्हटल्यावर घसा मिटतो आणि उघडताना ‘अर’ बाहेर पडतो. मी शिकत होते तेव्हा ग्लासगोच्या एका मुलाखतीची कॅसेट ऐकत बसले होते. ‘वॉटर’ हा शब्द तिथे आहे हे मला कागदावर दिसत होतं, पण कानांना मिळत नव्हता. पट्टी पुन्हा पुन्हा मागे नेली. शेवटी ट शोधायचं सोडलं आणि शब्दाच्या मधली गप्प जागा ऐकली, तेव्हा सापडला. तुम्हीही तेवढंच करा. ट ऐकायला जाऊ नका, खंड ऐका. लंडनच्या मुलाच्या बोलण्यातही तोच खंड मिळेल. ज्यांचं इंग्रजी अगदी प्रतिष्ठित मानतात तेसुद्धा ‘गॅटविक’, ‘फुटबॉल’ यांतला ट बऱ्याचदा घशातच सोडतात. त्यांच्यापुढे फक्त ‘वॉटर’मधला सोडायची चोरी.

अमेरिकेत याच ट ने दुसरी वाट धरली. दोन स्वरांच्या मधे आला की जीभ हिरडीला नुसती टिचकी मारून निघून जाते. तो आवाज आपल्या ‘घरी’मधल्या र च्या फार जवळ आहे. ‘सिटी’ ऐकताना मधेच आपला र आल्यासारखं वाटतं ते यामुळे. पण ही टिचकी वाटेल तिथे मारत नाहीत. ‘अ‍ॅटम’मध्ये मारतात, ‘अ‍ॅटॉमिक’मध्ये कधीच नाही. ‘इटली’मध्ये मारतात, ‘इटॅलियन’मध्ये नाही. ट नंतरच्या स्वरावर जोर असला की ट पुरा उमटतो, जोर नसला की टिचकी. कोणत्याही अमेरिकन मुलाला हा नियम कोणी शिकवलेला नसतो आणि तो कधी चुकत नाही. ‘रायटर’ आणि ‘रायडर’ या दोन्हींतही एकच टिचकी, मग त्यांना फरक कळतो कसा? बऱ्याच जणांच्या बोलण्यात आधीचा ‘आय’ पहिल्या शब्दात आखूड असतो आणि दुसऱ्यात लांब. व्यंजन गेलं तरी त्याची सावली स्वरावर राहिली. मला हे दर वेळी सांगताना नव्याने आनंद होतो.

बॉस्टनच्या बाईंच्या र ची गोष्ट मोठी आहे, आणि ‘बरोबर कोणाचं’ या तुमच्या प्रश्नाला ती सगळ्यांत चांगलं उत्तर देते.

एके काळी इंग्लंडमध्ये ‘कार्ड’मधला र सगळेच म्हणत. मग आग्नेय इंग्लंडात तो विरत गेला. १७९१ साली जॉन वॉकर यांनी उच्चारांचा कोश छापला, त्यात लंडनकरांच्या ‘बार्ड’, ‘कार्ड’मधला र जेमतेम उरला आहे आणि नुसता आ लांबतो, अशी नोंद आहे. पुढे हाच र-विना उच्चार इंग्लंडात मोठ्या घरांचा, मोठ्या शाळांचा झाला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथेही तोच गेला. स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडचा नैर्ऋत्य कोपरा यांनी र सोडला नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी र टिकला, पण बॉस्टन, न्यूयॉर्क आणि दक्षिणेचा काही भाग लंडनच्या वाटेने गेला.

१९६२ साली विल्यम लॅबोव्ह हे संशोधक न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत फिरले. सॅक्स हे सगळ्यांत महागडं, मेसीज मधलं, एस. क्लाइन स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे असं ते विक्रेत्याला विचारायचे. उत्तर यायचं ‘फोर्थ फ्लोर’. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचे, म्हणजे तेच उत्तर जरा काळजीपूर्वक मिळायचं. तिथून दूर जाऊन कोणाचा र उमटला ते लिहून ठेवायचे. सॅक्समध्ये ६२ टक्के विक्रेत्यांनी सगळे किंवा काही र म्हटले, मेसीजमध्ये ५१ टक्क्यांनी, आणि क्लाइनमध्ये जवळपास २० टक्क्यांनी. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये जितका वरचा थर तितका र जास्त. त्याच काळात इंग्लंडमध्ये र न म्हणणं ही वरच्या थराची खूण होती. तीच भाषा, तेच शब्द, तोच र. इथे त्याची किंमत वर जाते, तिथे खाली. आवाजात स्वतःत उंच-नीच काही नसतं. कोणाच्या तोंडी तो बसलाय ते पाहून लोक त्याला भाव देतात.

आणि नसलेला र? तोही नियमाने येतो. जे लोक ‘फार’ म्हणताना र सोडतात तेच ‘फार अवे’ म्हणताना पुढच्या स्वराला सांधण्यासाठी तो परत आणतात. जिभेला त्या सांध्याची इतकी सवय होते की मग ‘लॉ अँड ऑर्डर’चं ‘लॉर अँड ऑर्डर’ होतं, ‘आयडिया ऑफ’चं ‘आयडियर ऑफ’. बॉस्टनचे जॉन केनेडी ‘क्यूबा’ला ‘क्यूबर’ म्हणत, हे त्यांच्या भाषणांच्या ध्वनिमुद्रणांत आजही ऐकता येतं. तुमच्या बाईंची गोष्ट तीच.

बाकी व्यंजनांचं थोडक्यात सांगते. लंडनचा मुलगा ‘मिल्क’ला ‘मिऊक’ म्हणेल, कारण शब्दाच्या शेवटचा किंवा व्यंजनाआधीचा ल तिथे ऊ कडे झुकतो. आपला ल सगळीकडे स्वच्छ असतो, जुन्या आयरिश बोलण्यातही तसाच. ब्रिस्टलमध्ये उलटं घडायचं, आ ने संपणाऱ्या शब्दाला ल चिकटायचा, ‘एरिया’चं ‘एरियल’. त्या शहराचं जुनं नाव ‘ब्रिजस्टो’सारखं होतं, पुलाजवळची जागा अशा अर्थाचं, आजच्या नावातला शेवटचा ल याच सवयीने आला असं मानतात. ह इंग्लंडच्या बहुतेक शहरी बोलींत गळतो, स्कॉटलंड-आयर्लंडात गळत नाही. लिव्हरपूलच्या कोणाशी गाठ पडलीच तर ‘बॅक’च्या शेवटी ख सारखी घासट ऐकू येईल, आणि तिथले व मँचेस्टर-बर्मिंगहॅमचे लोक ‘सिंगर’मध्ये ग स्पष्ट म्हणतात, ‘फिंगर’सारखा. ‘विच’ म्हणजे चेटकीण आणि ‘व्हिच’ म्हणजे कोणता, हा फरक स्कॉटलंडमध्ये अजून पुष्कळ जण राखतात. मराठीत आपण ‘व्हाइट’, ‘व्हील’ असं लिहितो तेव्हा तोच जुना ह जपलेला असतो.

आता तुमच्या तोंडाकडे येऊ. तुम्ही काय शिकावं, यावर माझं मत ठाम आहे: थ सोडा आणि श्वास शिका.

तळहात ओठांसमोर धरा आणि तुमच्या नेहमीच्या पद्धतीने ‘पिल’ म्हणा. हाताला काही लागलं नसेल. लंडनचा किंवा बॉस्टनचा माणूस ‘पिल’ म्हणतो तेव्हा प सुटताना हवेचा झोत हाताला लागतो. त्यांचा कान त्या झोतावरूनच प ओळखतो. झोत नाही लागला तर त्यांना ‘बिल’ ऐकू येतं. तसंच ‘कोट’चं ‘गोट’ आणि ‘टाइम’चं ‘डाइम’. घोटाळा होतो तो इथे, थ पाशी नव्हे. ‘थिंक’ आपल्या थ ने म्हटलंत तर समोरच्याला तुम्ही कुठल्या ते कळेल, शब्दही कळेल. ‘पिल’ झोताविना म्हटलंत तर शब्दच दुसरा होईल. महाप्राण व्यंजनं, म्हणजे ख, ठ सारखी श्वासाच्या झोताची, आपल्या बाराखडीतच आहेत, तरी इंग्रजी शब्द म्हणताना आपण अल्पप्राण, म्हणजे क, ट सारखी बिनझोताची वापरतो, कारण आपण ते ‘टाइम’ असे लिहितो, ‘ठाइम’ असे नाही. शब्दाच्या सुरुवातीचा क ख कडे झुकवा, ट ठ कडे. प ला फ करू नका, ओठ पूर्ण मिटून मग हवा सोडा. स च्या मागून आलेल्या प, ट, क ला मात्र झोत नको. ‘स्पिन’, ‘स्टॉप’, ‘स्काय’ तुम्ही आज म्हणता तेच अचूक आहेत. एवढं मात्र खरं, की लँकशायरच्या आणि काही स्कॉटिश लोकांच्या जुन्या बोलण्यातही हा झोत कमीच असतो, म्हणून तुमच्या ग्लासगोच्या सहकाऱ्याला तुमचं बोलणं कदाचित सगळ्यांत सोपं जात असेल.

दुसरं, व. आपला व हा त्यांच्या दोन आवाजांच्या मधोमध बसतो. ‘वाइन’साठी ओठांचा चंबू, दात लांब. ‘व्हॅन’साठी वरचे दात खालच्या ओठावर, आणि ओठाला गुदगुली होईपर्यंत हवा. आपण लिहिताना ‘व्हॅन’, ‘व्हिडिओ’ असा फरक करतोच, तो ओठांवर आणायचा आहे इतकंच. मघाचे ‘व्हाइट’, ‘व्हील’ मात्र यात नाहीत, त्यांना ओठांचा चंबूच.

तिसरं तुमच्या कामातलं. ‘प्राइस’ आणि ‘प्राइझ’, ‘सीट’ आणि ‘सीड’ या जोड्यांत शेवटच्या व्यंजनावर जोर देऊ नका, आधीचा स्वर मोजा. ‘प्राइझ’चा स्वर लांबवा, ‘प्राइस’चा तोडा. ‘रायटर’ची सावली म्हणाले ती हीच.

हे सगळं माझ्याच मनाचं नाही. वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं एकमेकांशी इंग्रजीत बोलतात तेव्हा नेमकं कुठे अडतं, याचा अभ्यास जेनिफर जेन्किन्स यांनी केला आणि २००० साली मांडला. समजण्यासाठी जे लागतं त्यात हा श्वासाचा झोत आहे, स्वरांची लांबी आहे. घासता थ त्यात नाही. आणि लिहिलेला र म्हणावा, हेच त्यांनी सुचवलं. तेव्हा तुमचा र आहे तसा असू द्या.

उच्चारांचा वर्ग सोडावा का, तर वर्गात परत जाऊन विचारा, की माझ्या कोणत्या आवाजामुळे समोरच्याला दुसरा शब्द ऐकू येतो? याचं उत्तर जो शिक्षक तुमचं बोलणं ऐकून देतो, त्याच्याकडे जरूर जा. ‘हा उच्चार चुकीचा’ याच्या पलीकडे उत्तर नसेल, तर पैसे आणि वेळ वाचवा.

फोनवर आकडा नीट आला नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणू नका. समोरचा तेच, त्याच आवाजात, जरा मोठ्याने म्हणतो, आणि तिसऱ्यांदा त्याला वाटतं की आपल्या बोलण्यालाच नावं ठेवली जाताहेत. तुमच्या सहकारीचं तेच झालं असणार. तुम्ही ऐकलंत तो आकडा सुटा करून परत म्हणा, ‘थ्री, थ्री’, आणि ती ‘येस’ म्हणेपर्यंत थांबा.

आणि तिच्याशी एकदा कामाव्यतिरिक्त दोन मिनिटं बोला. तुम्हाला तिचा आवाज ओळखायला शिकायचं आहे हे सांगा, आणि तिला ‘ट्री’ आणि ‘थ्री’ आलटून पालटून म्हणायला लावा. तुम्ही डोळे मिटून ऐका, कोणत्या वेळी जीभ हिरडीला लागली आणि कोणत्या वेळी दातांना. मग तिलाही तुमचा ट आणि तुमचा थ म्हणून दाखवा.